धनेशाच्या दारातलं लपण

"तीन जण आत जायचं, दोघांनी बाहेर यायचं," उकिडवे सर म्हणाले. "पक्ष्याला मोजता येत नाही. त्याला वाटतं, आलेली माणसं गेली. कळलं?"

कळलं नाही असं सरांना सांगायची पद्धत आमच्यात नव्हती. धाकलू कोकरेनं मान डोलावली, मीही डोलावली आणि आम्ही तिघं एकामागोमाग एक लपणात शिरलो. लपण म्हणजे चार बांबू, त्यांच्यावर खाकी कापड, कापडावर जांभळीच्या फांद्या आणि समोर भिंगापुरतं भोक. एका माणसाला जिथे धड बसता येत नाही, तिथे आम्ही गुडघे पोटाशी घेऊन दोन मिनिटं बसलो. मग धाकलू आणि मी बाहेर पडलो आणि मुद्दाम मोठ्यानं बोलत पायवाटेनं धनगरवाड्याकडे निघालो. सर आत राहिले.

लपणासमोर पंचवीस हातांवर किंजळीचं जुनं झाड होतं. त्याच्या खोडात वर एक ढोली आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं. बोटभर रुंदीची उभी फट तेवढी उघडी. आत धनेशाची मादी होती. अंडी घालायच्या आधी ती स्वतःला असं कोंडून घेते, उडायची पिसं गाळते आणि पिल्लू मोठं होईपर्यंत बाहेर येत नाही. नर दिवसातून सहा-सात वेळा उंबरं, नांद्रुकाची फळं गिळून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. त्यानं आणलं तर तिनं आणि पिल्लानं खायचं, नाही आणलं तर दोघांनी उपाशी राहायचं. तिसरा मार्ग तिला नसतो.

आम्हाला तो भरवतानाचा फोटो हवा होता.

ही शहाण्णवच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची, कोल्हापुरात एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून उकिडवे सरांच्या मागे. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. आमच्या छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष आणि आमच्या सगळ्यांचेच गुरू. 'आधी पक्षी, मग फोटो' हे वाक्य ते नव्या सभासदाकडून पहिल्याच दिवशी म्हणवून घ्यायचे. मी मंडळातली त्यांची लाडकी. मंडळाला सुवर्णमहोत्सवी वर्ष लागलं होतं, त्याचा मोठा ग्रंथ निघायचा होता, आणि मुखपृष्ठावर धनेश घ्यायचा हे ठरून गेलं होतं. कुणाचा धनेश, एवढंच ठरायचं होतं. सरांनी आंबेघोलच्या अभयारण्यात सोबत फक्त मला नेलं, यावरून मंडळात बऱ्याच जणांच्या पोटात दुखलं.

अभयारण्याच्या कडेला पाच-सहा घरांचा धनगरवाडा होता. तिथला धाकलू आमचा वाटाड्या. ढोली खरं तर त्याच्या बायकोची, जनाबाईची. म्हणजे झाड सरकारी, पण लक्ष जनाबाईचं. त्या वाड्यावरच्या बायका धनेशाच्या मादीला बाळंतीण म्हणायच्या आणि तसंच वागवायच्या. ती ढोलीत बसली की त्या बाजूला सरपणाला जायचं नाही, कुत्री सोडायची नाहीत, झाडाखाली मोठ्यानं बोलायचं नाही. ढोली कुठे आहे ते परक्याला सांगायचं नाही, हाही एक नियम. तो जनाबाईनं फक्त सरांसाठी मोडला होता, कारण सर दहा वर्षं तिथे येत होते आणि कधी झाडाच्या जवळ गेले नव्हते.

आम्ही धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा जनाबाई अंगणात शेळीचं दूध काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"सायेब आतच बसलं व्हय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"काल ते कापडाचं खोपाट त्या लांबच्या बेहड्याच्या झाडामागं हुतं. आज म्होरं कसं आलं?"

"सरांना विचारा," मी म्हटलं.

"इचारीन की. बाळंतिणीच्या दारात पुरुषमाणसानं असं ठाण मांडून बसायचं, ही कुटली रीत?"

धाकलू हसला. मी हसले नाही, पण मनातून मला बाईचा रागच आला. आम्ही कोण, आमचं काम काय, हिला काय कळतंय, असं वाटलं. मला त्या वयात असं फार वाटायचं.

त्या दिवशी नर आलाच नाही. सकाळी सर बसले, दुपारी एकनंतर मी बसले. पुन्हा तिघं आत, दोघं बाहेर. साडेपाचपर्यंत त्या कापडात मी उकडून निघाले. पायाला मुंग्या आल्या, मुंगळे चावले, रोलमधल्या छत्तीस फ्रेमपैकी एकही खर्ची पडली नाही. फटीतून मादीची चोच मधूनमधून बाहेर यायची. आधी पटकन यायची आणि आत जायची. संध्याकाळी आली ती तशीच बाहेर राहिली, किंचित उघडी. मी तिचाही फोटो काढला नाही, कारण रिकाम्या चोचीचा फोटो कोण छापतो.

"उद्या येईल," सर जेवताना म्हणाले. "त्याला सवय होतेय."

"होतेय," मीही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटेच सर पुन्हा लपणात गेले. धाकलूनं आणि मी आमचं बाहेर पडायचं नाटक केलं आणि वाड्यावर आलो. दहाच्या सुमाराला जनाबाईनं मला हाक मारली. ती घरामागच्या टेकाडावर उभी होती. तिथून किंजळीचा शेंडा आणि अलीकडचा सगळा उतार दिसायचा.

"ताई, दुर्बीण आना. त्यो बगा."

उतारावर एका वठलेल्या ऐनाच्या फांदीवर नर बसला होता. किंजळीपासून दोनशे पावलांवर. मी दुर्बीण लावली. त्याचा गळा फुगलेला होता. त्यानं मान झटकली आणि एक उंबर वर काढून चोचीच्या टोकाशी धरलं. झाडाकडे पाहिलं. पंख उघडले, पुन्हा मिटले. मग उंबर परत गिळलं. थोड्या वेळानं पुन्हा वर काढलं, पुन्हा गिळलं.

"कवापास्नं चाललंय ह्ये?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिची बोली कशी आली ते माझं मलाच कळलं नाही.

"काल दिसभर आसंच. आज तांबडं फुटल्यापास्नं."

"काल सांगितलं का नाही?"

"काल सांगितलं की. बाळंतिणीच्या दारातनं उठा म्हटलं. तुमी तोंड फिरवलं." तिनं दुर्बीण घेतली नाही, तिला गरज नव्हती. "तुमचं सायेब म्हणत्यात पाखराला मोजाया येत न्हाई. त्यो गळ्यात किती फळं घ्यायची ती मोजून घेतोय, ताई. तीन मानसं गेली नि दोन आली, ह्ये त्येला कळंना व्हय?"

 दुर्बीण डोळ्याला लावून तशीच उभी राहिले. बारा वाजेपर्यंत त्यानं ते उंबर किती वेळा वर काढलं आणि किती वेळा गिळलं ते मी मोजत होते, मग मोजणं सोडलं. साडेबाराला त्यानं ते चोचीतून खाली पडू दिलं आणि नुसताच बसून राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोपर्यंत मला खूपदा राग आला होता, पुढेही आला, पण त्या दिवसासारखा कधी आला नाही. 

मी टेकाडावरून तडक खाली उतरले. धाकलू मागून हाका मारत होता, "ताई, अवो ताई, सायेब रागावतील." रागावू देत म्हटलं. लपणापाशी पोचले तेव्हा धापा टाकत होते.

"सर, बाहेर या."

कापड हललं. "अलका? तू इथे काय करतेस? आता पुन्हा दोन तास गेले तुझ्या येण्यानं."

"तो येणार नाही. तिकडे ऐनावर बसलाय. काल दिवसभर बसला होता. त्याला माहीत आहे तुम्ही आत आहात."

"हळू बोल. येईल. तिला भूक लागलीय, पिल्लू आहे, त्याला यावंच लागेल."

"यावंच लागेल म्हणजे?"

"म्हणजे किती वेळ टाळेल? एक फ्रेम मिळू दे, लगेच उठतो. तू जा."

मला ते वाक्य अजून शब्दान् शब्द आठवतं. त्यात आवाज चढलेला नव्हता. वर्गात मुलांना रंग कालवायला सांगावं, तसं शांतपणे ते बोलत होते.

"आधी पक्षी, मग फोटो," मी म्हटलं. "हे कोण शिकवतं हो आम्हाला?"

"मला शिकवू नकोस."

"तुम्हाला कुणीतरी शिकवायलाच हवं. ती आत उपाशी मरतेय आणि तुम्ही तिच्या दारात तिच्या मरणाची वाट बघत बसलाय. लाज वाटत नाही?"

सरांशी असं कुणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच. आत तिवई सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अलका, तू आत्ता जा. आपण संध्याकाळी बोलू."

मी पुढच्या बांबूला हात घातला आणि उपटला. मग दुसरा. कापड त्यांच्या अंगावर कोसळलं, फांद्या कोसळल्या, तिवई कलंडली आणि कॅमेरा दगडावर आपटल्याचा आवाज आला. ते लांबलचक पाचशे मिलिमीटरचं भिंग त्यांनी परदेशातून भाच्याकरवी आणवलं होतं. त्याची काच तडकली ती मी पाहिली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सर कापडातून रांगत बाहेर आले. केसांत पाला, चष्मा एका कानावर. ते पासष्टीचे गृहस्थ होते आणि मी त्यांना असं गुडघ्यांवर आणलं होतं. धाकलू दूर उभा होता, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. सरांनी आधी भिंग उचललं, पाहिलं आणि पिशवीत ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

"लपण इथे कुणी आणलं, अलका?"

मी हातातला बांबू खाली टाकला.

"माझ्या भिंगाला ते बेहड्याच्या मागूनच पुरत होतं. परवा तिथून तो सहा वेळा आला, मला फोटो मिळालेत."

आता ते सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी सगळं व्यवस्थित चाललं होतं. लपण बेहड्याच्या मागे, नर येत होता, भरवत होता, जात होता. सरांना हवं ते मिळालं. माझ्याकडे तीनशेचं भिंग होतं. त्यातून धनेश पोस्टाच्या तिकिटावर मावेल एवढा दिसत होता. मुखपृष्ठावर सरांचा धनेश जाणार हे मला त्या संध्याकाळीच कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, सर विश्रामगृहावर चहा घेत असताना, मी एकटी गेले आणि लपण ओढत पुढे आणलं. जड नव्हतं. सर आल्यावर म्हणाले, "जवळ नाही का झालं?" मी म्हटलं, "काही नाही होत सर, तो सरावलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किंजळीकडे पाहिलं आणि त्यांनाही जवळून मिळणाऱ्या फोटोचा मोह पडला. ते म्हणाले, "बघू." त्या सकाळी दोन तास नर फिरकला नाही तेव्हा 'तीन आत, दोन बाहेर' ही युक्ती त्यांनी काढली. माझं झाकायला.

"मी तेव्हाच मागे न्यायला लावायला हवं होतं," सर म्हणाले. "माझी चूक आहे. पण तू माझी लाज काढू नकोस."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आत तुम्ही बसला होतात." आणि पाठ फिरवली.

आम्ही गेल्यावर त्या संध्याकाळी नर दोनदा आला, असं जनाबाईनं नंतर धाकलूकडून कळवलं. मी एसटीनं एकटीच कोल्हापूरला परतले. सातव्या दिवशी धाकलू बाजाराला आला होता, तो प्रयोगशाळेत मला शोधत आला. आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मादीनं चोचीनं लिंपण फोडलं आणि बाहेर पडली. पुरतं उडता येत नव्हतं, झुडपात पडली, मग कशीबशी निघून गेली. पिल्लू ढोलीतच राहिलं. तीन दिवसांनी जनाबाईनं धाकलूला शिडी लावून वर चढायला लावलं, तेव्हा ते मेलेलं होतं.

"जना म्हनली, ताईस्नी सांगून ये," धाकलू म्हणाला. "आनि म्हनली, आता कुनी नगं. सायेब नगं, तुमी बी नगं."

"तिनं सरांना निरोप दिला का?"

"त्येंचं खोपाट म्होरं आलं तवाच तिनं त्येंचं नाव टाकलं, ताई."

त्याला वाटत होतं लपण सरांनी पुढे आणलं. तो माझ्याकडे आदरानं बघत होता. साहेबाच्या अंगावर छप्पर पाडणारी बाई. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं, आणि दुसरं काही सांगितलं नाही.

त्या रागाच्या भरात मी मंडळाच्या मासिकासाठी एक पत्र लिहिलं. चार पानी, एकटाकी. धनेशाचं पिल्लू कसं मेलं, लपण किती हातांवर होतं, कोण किती तास आत बसलं, बाहेर यायला सांगितल्यावर काय उत्तर मिळालं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. लपण पुढे कसं आलं, तेवढं त्यात नव्हतं. पत्र छापून आलं आणि मंडळात आग लागली. सरांवर इतके लोक इतकी वर्षं मनातून चिडलेले होते हे मला तेव्हा कळलं.

माझं मात्र नाव झालं. आजही होतंय. गेल्याच महिन्यात पुण्याला कुठल्याशा संमेलनात मला शाल दिली, निसर्ग छायाचित्रणातल्या नीतीबद्दल. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं ती बांबू उपटल्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला त्या मुलीच्या हातातला माईक हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही. शाल घेऊन घरी आले आणि दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसत राहिले.

मंडळाची ती खास सभा मे महिन्यात, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरली. सर ज्या शाळेत शिकवायचे तीच शाळा. बाकं कमी पडली म्हणून खाली सतरंज्या अंथरल्या होत्या. सर माझ्या शेजारीच येऊन बसले. दुसरीकडे जागा होती, तरी.

उपाध्यक्ष भडकमकर एकेक प्रश्न कागदावरून वाचत होते. आत किती तास बसलात? सरांनी सांगितलं. नर येत नाही हे लक्षात आल्यावर उठला का नाहीत? सर म्हणाले, "हव्यास." भडकमकरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी चष्मा वर केला.

"दहा वर्षं आपण त्याच झाडाचे फोटो लांबून काढता. या वेळी लपण इतक्या जवळ का आणलंत?"

 आता सांगतील, मी मनात म्हटलं. सांगा. मी तयारही होते. मी उठून भांडले असते, आत तुम्ही बसलात, तुम्ही बघू म्हणालात, असं सगळ्यांसमोर ओरडले असते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मंडळाचा अध्यक्ष मी," ते म्हणाले. "तिथल्या लपणाची जबाबदारी माझी. पुढचा प्रश्न घ्या."

पुढचा प्रश्न नव्हता. भडकमकरांनी ठराव वाचला. अध्यक्षपदावरून दूर करणे, सभासदत्व रद्द करणे, ग्रंथातून सर्व छायाचित्रं वगळणे. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत. सतरंज्यांवरून हात वर होत गेले, पुढून मागेपर्यंत. सरांनी स्वतःचाही केला. भडकमकर उभे राहून मोजत होते आणि मोजता मोजता माझ्यापाशी थांबले, कारण माझे दोन्ही हात मांडीवर होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर किंचित झुकले. त्यांचा आवाज फक्त मला ऐकू येईल इतका हळू होता, आणि त्यात राग असता तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते.

"कर वर," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."

मी केला.